फळीवरचा हात

"मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, आबा? हातावर, नजरेवर, की मशीनवर?"

केरूआबा सुतार पुढ्यात ठेवलेलं मशीन उलटंपालटं करून बघत होते.

विचारणारा हणमंत समोर उकिडवा बसला होता. आबांच्या हाताखाली नऊ वर्षं काढून उद्या तो स्वतःचं पहिलं काम उघडणार होता. आबांची रीत अशी, की स्वतंत्र निघालेल्या शिष्यानं आपलं हत्यार त्यांच्यापुढं आणून ठेवायचं. आबांनी कुंकू लावून परत दिलं, तर काम त्याचं. नाही दिलं, तर आणखी वर्षभर दुसऱ्याच्या फळ्या उचलायच्या. आबांच्या कुंकवावाचून त्या भागात कुणी छपराचं काम द्यायचं नाही.

मागचे शिष्य करवत आणायचे, पटाशी आणायचे. हणमंतानं आणलं होतं विजेचं कटर... हातात धरून चालवायचं, गोल पात्याचं.

"ही पाचर कशाला?" आबांनी विचारलं.

अशा मशीनच्या पात्याला खालून एक गार्ड असतो. फळी आली की तो मागं सरकतो, काप संपला की खट्कन पुढं येऊन पातं झाकतो. हणमंतानं तिथं लाकडाची पाचर ठोकून तो कायमचा वर अडकवला होता.

"सारखा आड येतो ओ. बारीक पट्टी कापताना नुसता खोळंबा. सगळेच ठोकतात."

"आणि पातं उघडं?"

"हात बसलाय, आबा. डोळे झाकून कापतो मी."

"मग जत्रेत तंबू टाक की. तिकीट लावू."

हणमंत हसला. आबा हसले नाहीत.

ते उठले. दोन लाकडी घोड्यांवर फळी आडवी टाकली, पेन्सिलीनं रेघ ओढली, प्लग लावला. मग रेघेपासून चार बोटांवर त्यांनी आपला डावा पंजा पसरून ठेवला.

"काप."

हणमंतानं मशीन उचललं. खटका दाबला. पातं किंचाळलं...

पण ते फळीला टेकवेना.

लाकडात गाठ लागली की मशीन उसळतं. कापलेली फट मध्येच मिटून पातं आवळते, तेव्हाही उसळतं. आणि वखारीत बसणारा कुणीही सांगेल, बाहेरून दिसते ती गाठ अर्धीच असते. आबांच्या हातावरच्या निळ्या शिरा त्याला दिसत होत्या. अंगठ्याचं चिरलेलं नख दिसत होतं.

त्यानं खटका सोडला. पातं थांबलं नाही. उघडं, चकाकत, आपल्या नादात फिरत राहिलं... खटका सोडल्यावर ते किती वेळ फिरतं, हे त्यानं नऊ वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

"आबा, हात काढा."

"का? रोज कापतोस की."

"रोज तिथं तुमचा हात नसतो."

"मग कुणाचा असतो?"

हणमंतानं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. तो मांडीला चिकटला होता.

पातं पुरतं थांबल्यावर त्यानं आधी प्लग उपटला. पकडीनं पाचर ओढून काढली. गार्ड खट्कन बसला. तेवढ्या आवाजालाही तो दचकला.

"फळी शिकंज्यात आवळीन, आबा. दोन्ही हात मशीनवर ठेवीन."

आबांनी तेव्हा कुठं पंजा उचलला. कुंकवाची वाटी जवळ ओढली.

"पण ही भीती जाणार कधी?" हणमंतानं विचारलं.

"याआधी कधी थोडक्यात वाचलायस?"

"नाही."

आबांचा हात वाटीवरच थांबला.

"...एकदा. पायजमा फाटला होता मांडीवर."

आबांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि मशीनवर अधांतरी धरला. टेकवला नाही.

हणमंतानं त्या अंगठ्याकडं पाहिलं. "दोनदा. दोनदाच, आबा, शपथ."

"बोटांवर मोज, हणमंता. दहाच्या दहा आहेत, तोवर हिशेब खरा ठेव."