पेरातले साठ मासे

फार फार मागची गोष्ट. तेव्हा डोंगरावर एक राजा होता, समुद्राकाठी दुसरा, आणि दोघे एकमेकांच्या नाण्याला नाक मुरडायचे. डोंगरावर चालायचा तांब्याचा जाडजूड ढबू. खाली समुद्राकाठी चालायचं चांदीचं नाणं. त्यावर मासा कोरलेला, म्हणून लोक त्याला मासाच म्हणायचे. ढबूला खाली कुणी विचारत नसे आणि माशाला वर कुणी. मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा, बाकी गोष्ट सोपी आहे.

डोंगरावरच्या बुरूडवाडीत हौसाबाई राहायची. बांबू चिरायचा आणि सुपं, पाट्या, रोवळ्या विणायच्या, हा तिचा धंदा. नवरा गेलेला, मुलगाही गेलेला. घरात ती आणि सून मथी, दोघीच. शेजारच्या खोपीत दीर रंभाजी, त्याची बायको आणि चार पोरं. रंभाजीने पाच वर्षांपूर्वी चूल वेगळी मांडली होती. भांडण असं काही नव्हतं. वहिनी फार विचार करते, एवढीच त्याची तक्रार. मला विचाराल तर तिच्याइतका विचार करणारं माणूस त्या डोंगरावर दुसरं नव्हतं. आधीच सांगून टाकतो, मला ही बाई आवडते.

एकदा बांबू तोडायला गेली असताना लांबच्या घळीत एका बेटाला तिला फुलोरा दिसला. सासूने तिला सांगून ठेवलं होतं, बांबू माणसाच्या जन्मात एकदाच फुलतो, आणि फुलला की वाळतो. आज एक बेट, दोन-तीन वर्षांत सगळं रान.

तिने ही गोष्ट लपवली नाही. वाडीत सगळ्यांना सांगितली, आणि लोकांना पटलीही.

"मग जाऊ की वहिनी," रंभाजी म्हणाला. "घाट उतरलं की खाली बांबूच बांबू. जायच्या दिवशी पैसे बदलू आणि निघू."

दर आठवडी बाजाराला घाटाखालून मिठाचा व्यापारी बैल घेऊन वर यायचा. नाणी तोच बदलून द्यायचा. सगळे त्याला भाव विचारत. हौसाबाईने भलतंच विचारलं.

"खाली बांबू तोडायचा तर काय पडतं?"

"दर चुलीमागे साठ मासे," व्यापारी म्हणाला. "रानाच्या पाटलाला एकदाच द्यायचे, मग जन्मभर तोडा. ज्याला जमत नाही तो दुसऱ्याच्या मोळ्या वाहतो."

हौसाबाई घरी आली आणि तिने एका पक्क्या बांबूचं पेर, म्हणजे दोन गाठींमधली नळी, कापलं. साठ नाणी एकावर एक बसतील, इतकंच लांब. मथीला म्हणाली, "हे भरलं तर कोयता आपल्या हातात राहील. नाही भरलं तर तुझ्या डोक्यावर मोळी."

त्या बाजारापासून तिने नेम धरला. पिठामिठाचे ढबू बाजूला ठेवायचे, आणि उरतील त्यातून एक मासा घ्यायचा. भाव दहा ढबू असो नाहीतर अकरा, एक मासा पेरात पडलाच पाहिजे. वाडीतले लोक हसायचे. बाया विचारायच्या, "काय हौसाबाई, सुके मासे साठवताय? वास येत नाही का घरात?" ती म्हणायची, "येतो की, समुद्राचा येतो."

रंभाजी मात्र भावावर डोळा ठेवून होता. त्याच्याकडे हंडाभर ढबू होते, वहिनीच्या चौपट. गेल्या वर्षी मासा नऊ ढबूंना मिळायचा, म्हणून तो नऊची वाट पाहत बसला. नऊ झाला तेव्हा त्याला वाटलं, आता आठ होईल.

आणि खरंच एका बाजाराला मासा आठ ढबूंना मिळाला. आदल्याच आठवड्यात हौसाबाईने अकरा मोजले होते. सगळ्या बाजारादेखत रंभाजी म्हणाला, "बघा वहिनी, तीन ढबू पाण्यात गेले." आणि स्वतः एकही मासा न घेता घरी गेला, कारण आता सात होणार होता.

हौसाबाईला फार वाईट वाटलं. तीन ढबू म्हणजे तिची दोन दिवसांची भाकर होती. मथीही कुरकुरली. "आत्याबाई, थांबलो असतो तर?"

"वाईट वाटलं गं, नाही कशाला म्हणू," हौसाबाई म्हणाली. "पण मला सांग, आपण बांबू कधी चिरतो?"

"ओला असताना."

"वाळल्यावर चिरला तर?"

"फुटतो. हातही कापतो."

"मग सोमवारी चिरला की बुधवारी, याने काय बिघडतं? ओला असताना चिरला म्हणजे झालं. भाऊजींना हे लहानपणापासून ठाऊक आहे, पण ते बांबूपुरतंच. आणि मी माशाचे ढबू करून बघतच नाही. खाली कोण विचारणार आहे मला ढबूंत? इथं खायचं ते इथल्या नाण्यात ठेवते, तिथं लागणार ते तिथल्या."

असे दोन पावसाळे गेले. पेर भरलं. वर एका फडक्यात पाच-सात मासेही बांधून झाले, पहिली पाटी विकेपर्यंतच्या जेवणासाठी.

तिसऱ्या वर्षी सगळा डोंगर फुलला. मग बांबूचं बी खाऊन उंदीर माजले, आणि बी संपल्यावर ते शेतात शिरले. आता नुसते बुरूडच नाही, कुणबी, तेली, कुंभार, सगळेच घाट उतरायला निघाले, आणि सगळे एकाच बाजारी व्यापाऱ्यापुढे उभे राहिले. मासा वीस ढबूंवर गेला. पुढच्या बाजारी साठवर. रंभाजी हंडा घेऊन पोचला तेव्हा त्याला जेमतेम नऊ मासे मिळाले, आणि हंडा अर्धाही रिता झाला नव्हता तोच व्यापाऱ्याने थैली बांधली.

"अरे, अजून ढबू आहेत," रंभाजी म्हणाला.

"असतील. पण मी ते घेऊन काय करू? इथं विकत घेण्यासारखं राहिलंय काय?"

रंभाजीचं तोंड उतरलं. त्याने उरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि बायकापोरांसह तो वहिनीच्या मागोमाग घाट उतरला.

खाली रानाच्या तोंडाशी पाटील बसला होता. हौसाबाईने पेर त्याच्या घोंगडीवर उपडं केलं. साठच्या साठ मासे चकाकत बाहेर आले. पाटलाने मान डोलावली आणि रंभाजीकडे बघितलं. रंभाजीने नऊ मासे पुढे केले.

"साठ लागतात," पाटील म्हणाला. "तुम्ही आणि तुमची माणसं तिकडे मोळ्यांकडे व्हा."

रंभाजीची थोरली पोर मोळ्यांकडे बघून रडायला लागली. तेव्हा हौसाबाई जावेजवळ गेली. तिच्या पाटीतला तवा तिने काढून घेतला आणि आपल्या तव्यावर पालथा घातला.

"पाटील, तुमचा कायदा माणशी आहे की चुलीमागे?"

"चुलीमागे."

"मग बघा, चूल एक. एका तव्यावर भाकरी भाजायची, दुसरा वर झाकण. आजपासून असंच."

पाटील हसला, पण कायदा त्याचाच होता. त्याने आठही माणसांना रानात सोडलं.

आणि बाईने शब्द पाळला. त्या घरात पुढे कधी दुसरी चूल पेटली नाही. रंभाजीचा हंडा पाटीचा तळ दाबायला वजन म्हणून कामाला आला. त्याने विणलेली पहिली पाटी एका माशाला विकली गेली. तो मासा त्याने वहिनीच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, पेरात टाका. आणि मला विचारू देऊ नका, याचे ढबू किती होतात."

म्हणून सांगतो, उद्या जिथे चूल मांडायची आहे, तिथलं नाणं आजपासूनच थोडं थोडं गाठीला बांधावं.