हातभर अंतर

कोकणातल्या एका खाडीकाठी, बेने इस्राएल ज्यूंची मोजकी घरे असलेल्या गावात, एकदा एक वृद्ध हज्जान राहत असत. प्रार्थना चालवणे, लग्ने लावणे आणि शास्त्र शिकवणे हे त्यांचे काम. नाव हसकेल, गाव त्यांना हसकेलबाबा म्हणे. त्यांच्यापाशी नातन नावाचा तरुण शिकायला येई. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख, आणि शास्त्रातले एक अक्षरही ढळू द्यायचे नाही असा स्वभाव.

नातनचे लग्न होऊन वर्ष झाले होते. त्याची पत्नी सिपोरा पेणची, बोलकी आणि हसरी. ज्यू धर्मशास्त्र सांगते की स्त्रीला रक्तस्राव होत असेल तोवर, आणि नंतर ती नैसर्गिक पाण्यात विधिपूर्वक स्नान करीपर्यंत, पतिपत्नींनी एकमेकांना स्पर्श करू नये. दोघे हे आनंदाने पाळत. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत गप्पा चालत, आणि स्नानाची संध्याकाळ आली की दोघांना लग्नाचा दिवस आठवे.

पुढे सिपोराला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात मूल गेले. मुलगा होता. रक्तस्राव बरेच दिवस थांबेना. शास्त्राप्रमाणे स्पर्श वर्ज्य झाला. नातन त्याच्याही पुढे गेला. त्याने पडवीत अंथरूण टाकले, जेवण बाहेर घेऊ लागला, पत्नीच्या खोलीच्या दाराशी जाणेही सोडले. शेजारीण येऊन तिचे सारे करी. तो सकाळी उठून हसकेलबाबांकडे जाई आणि ग्रंथ उघडून बसे. कठीण काळातही आपण नियम कसोशीने पाळतो आहोत, याचे त्याला समाधान वाटे. जेवताना घास मात्र उतरत नसे, आणि त्याचे कारण तो स्वतःला विचारत नसे.

एके सकाळी पाठ चालू असताना हसकेलबाबांच्या पत्नी लेआबाई आल्या. गावातल्या स्त्रियांना स्नानासाठी खाडीवर त्याच नेत. त्यांनी सांगितले की सिपोराचे रक्त थांबले आहे, त्यानंतरचे शुद्धीचे दिवसही भरले आहेत, पण ती पाण्यात उतरायला तयार नाही.

"ती म्हणते, मी कुणासाठी उतरू, मावशी? माझ्या दारात कुणी उभंसुद्धा राहत नाही."

नातनने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "बाबा, शास्त्राने तिला भाग पाडता येईल का?"

बाबांनी ग्रंथ मिटला, त्याचे चुंबन घेतले आणि ते उठले. प्रार्थनामंदिरात एलियाहू नबीची खुर्ची होती. मुलाच्या सुंतेच्या दिवशी नबी तिथे येऊन बसतो अशी श्रद्धा. एरवी तिला कुणी हात लावत नसे. बाबांनी तिची एक बाजू उचलली आणि नातनला दुसरी धरायला सांगितले. भर सकाळी ती खुर्ची आळीतून निघाली. बायका दारात येऊन पाहू लागल्या. म्हाताऱ्याची बुद्धी फिरली की काय, असे नातनला वाटले. खुर्ची त्याच्याच घरी गेली आणि सिपोराच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवली गेली.

"बस," बाबा म्हणाले.

"यावर?"

"यावर. ज्या घरी लेकरू येतं, त्या घरासाठी ही खुर्ची असते. तुझ्या घरी आलं होतं, नातन. पाच महिने होतं. शास्त्राने तुम्हा दोघांत हातभर अंतर ठेवलं आहे. तेवढ्यातून नजर जाते, आवाज जातो. हात दूर असतात तेव्हा नवरा-बायकोपाशी बोलणंच उरतं, आणि ते जपायला हे दिवस असतात. तू तिथे भिंत बांधलीस आणि तिला शास्त्राचं नाव दिलंस. सिपोराकडे पाहिलं तर आपल्यालाही रडू येईल, याची तुला भीती वाटली. आणि स्नान तिचं आहे. कधी उतरायचं ते ती सांगेल. हुकमाने उतरलेली बाई नुसती भिजून येते."

बाबा बाहेर निघून गेले.

सिपोरा भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसली होती. केस विंचरलेले नव्हते, मनगटे बारीक झाली होती. नातनला पाठ असलेले एकही वचन आठवेना. तो खुर्चीवर बसला आणि त्याने विचारले, "तो कसा होता?"

ती वळली. हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता.

"बोटं तुमच्यासारखी होती," ती म्हणाली. "लांब."

मग ती सांगत राहिली. नातन गुडघ्यांवर हात घट्ट धरून ऐकत होता, आणि रडत होता.

त्या दिवशी सिपोरा स्नानाला गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नातनने विचारले नाही. तो रोज उंबऱ्याशी येऊन बसे, कधी बोले, कधी नुसता बसून राही. शेवटी एका संध्याकाळी तिने आपणहून लेआबाईंना बोलावणे धाडले. खाडीला भरती होती. चांदण्या दिसू लागल्यावर ती पाण्यात उतरली, आणि लेआबाईंनी काठावरून आशीर्वचन म्हटले.

नातन बांधापलीकडे थांबला होता. ओल्या केसांनी ती वर आली आणि तिनेच हात पुढे केला. घरी जाताना वाटेत दोघांनी त्या मुलाला नाव ठेवले. ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही.