सदबाची वर्षभराची सेवा

टेंभूरवाडीत सदबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा इतका, की आई "जरा दाराकडं बघ" म्हणाली, तर दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघत बसे. या सदबाने वर्षभर देशाची सेवा करायचं ठरवलं. शेजारच्या तालुक्यात समाजसेवेचं शिबिर होतं. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सांगतील ते काम करायचं. वर्ष सरलं की मोठे पाहुणे येऊन एकेकाचं नाव माइकवरून पुकारणार. लेकाचं नाव तसं ऐकायची आईला फार हौस.

"तिथल्या ताई सांगत्याल तसं कर," आई म्हणाली. "सवताचं डोकं चालवू नगंस."

हे मात्र सदबाला जमण्यासारखं होतं.

शिबिराच्या प्रमुख कुमुदताई. त्यांनी सदबाला रोपं लावायला सांगितली. सदबाने ती लावली आणि सावलीत जाऊन बसला. रोपांनी माना टाकल्या.

"अरे, बुडाशी बादलीभर पाणी ओतावं," ताई म्हणाल्या.

"बरं ताई. पुढच्या येळंला."

पुढच्या वेळी श्रमदानाला आलेल्या लोकांसाठी स्वयंपाक होता. ताईंनी चूल पेटवली. सदबाने तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं. त्या दिवशी सगळ्यांनी चुरमुरे खाल्ले.

"अरे, खाली लाकडं सारावीत, फुंकर घालावी, चांगली धग लागू द्यावी."

"बरं ताई. पुढच्या येळंला."

मग गावातले म्हातारे जिजाबा थंडीने कुडकुडत खाटेवर पडले. सदबाला त्यांच्या सेवेला धाडलं. त्याने खाटेखाली लाकडं सारली, पेटवली आणि फुंकर घातली. काठीशिवाय पाऊल न टाकणारे जिजाबा देवळापर्यंत पळत गेले.

"अरे, गोधडीत गुंडाळावं. पाय चेपत बसावं."

"बरं ताई."

त्यानंतर टाकीचा नळ तुटला. सदबाने नळाला गोधडीत गुंडाळलं आणि खालचा पाइप चेपत बसला. टाकी रिकामी झाली. बायका रिकाम्या कळशा घेऊन ताईंच्या दारात आल्या.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, जे वाहतं ना, त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबावा. आणि थांबेपर्यंत हात काढू नये."

"बरं ताई. पुढच्या येळंला."

असं करत वर्ष सरलं. ताईंचे केस पिकले, सदबा अंगाने भरला. समारंभाला आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. सदबाला काम एकच होतं: पाहुण्यांच्या मागे शाल-नारळ घेऊन उभं राहायचं.

पाहुणे बोलायला उठले. बोलले, बोलले, उन्हं कलली तरी बोलतच राहिले. ताई हळूच पुटपुटल्या, "आता ह्यांना थांबवायचं कसं?"

सदबाला ते ठाऊक होतं. तो शालीचा बोळा करू लागला.

तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "आता नावं पुकारतो. पहिलं नाव, चिरंजीव स..."

बोळा नेमका तेव्हाच बसला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. आईच्या वाट्याला मात्र एकच अक्षर आलं, आणि मला त्या माउलीचं खरंच वाईट वाटतं.

ताई धावल्या. "अरे, हात काढ आधी."

"कसा काढू, ताई?" सदबा म्हणाला. "आतून अजून येतंय."