फिर्यादीची नक्कल

यमुना पाष्टेला स्वतःच्या अकलेची कधीच खात्री नव्हती, आणि जिल्हा कारागृहाच्या फाटकाशी उभं राहिल्यावर तर उरलीसुरलीही गेली. फणसाच्या वाटणीवरून कोयता उगारला म्हणून तिनंच आपल्या सख्ख्या भावाला, भिकाजीला, पोलिसांत दिलं होतं. पंधरा दिवसांत राग ओसरला आणि आता बाई स्वतःच त्याच्या भेटीला आली होती.

तुरुंगाधिकारी निमकरांना सगळे नियम तोंडपाठ. "भेट फक्त नातेवाइकांना. तुमचं आडनाव पाष्टे, कैद्याचं घाग. नात्याचा सरकारी कागद आणा."

"लग्नानं आडनाव बदललं, साहेब."

"कागद!"

यमुनेनं पिशवीतून एक घडी काढली. ती तिच्याच फिर्यादीची नक्कल होती, ठाण्याच्या शिक्क्यासकट. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'आरोपी हा माझा सख्खा भाऊ आहे.'

निमकर खो खो हसले. "अहो, याच कागदानं त्याला आत घातलंत ना? आणि हाच पुरावा म्हणून दाखवताय?"

"मूर्खपणा माझाच आहे, साहेब, पण शिक्का सरकारचा आहे. कागद खोटा असेल तर भावाला बाहेर सोडा. खरा असेल तर मला आत सोडा."

निमकरांचं हसू मिशीतच अडकलं. त्यांनी भेटीचा अर्ज पुढं ओढला. "भेटीचं कारण?"

"भांडण, साहेब. पंधरा दिवस कोंबड्यांशी भांडतेय, पण मेल्या उलट उत्तरच देत नाहीत."