झाकणासकट भाव

एका गावात एक तांबट राहत होता. त्याने ठोकलेल्या हंड्यावर टिचकी मारली, तर नाद घरभर फिरून यायचा. त्याच्या वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. हंड्याचा भाव सांगायचा तो झाकण वर बसवून, आणि एकदाच. "गिऱ्हाईक दोन्ही घरी नेणार, मग भाव दोनदा कशाला?" असं वडील म्हणत.

पुढे गावातली गिऱ्हाइकं कमी झाली, तेव्हा तांबटाने मोबाइलवर दुकान मांडलं. त्याचा हंडा गिऱ्हाइकाला करासकट एकवीसशे अठ्ठावीसला पडत होता. शेजारच्या गावचा तांबट तसाच हंडा मोबाइलवर एकवीसशेला विकत होता. अठ्ठावीस रुपये सोडणं याच्या जिवावर आलं. त्याने हंड्याच्या चित्राखाली ठळक अक्षरांत 'एकोणीसशे' लिहिलं, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'कर वेगळा'. पुरा आकडा पार्सलच्या चिठ्ठीवरच यायचा. मागण्या भराभर वाढल्या.

दूरच्या एका वस्तीवर शाळेत खिचडी शिजवणारी द्वारका नावाची एक बाई होती. तिथली म्हातारी सुईण आता थकली होती. तिने ज्यांची बाळंतपणं केली, अशा एकोणीस जणींनी तिला मानाचा हंडा द्यायचं ठरवलं. खिचडीवाल्या बाईने मोबाइलवर किंमत पाहिली, प्रत्येकीकडून जमेल तेवढे घेत एकोणीसशे रुपये गोळा केले आणि हंडा मागवला. पैसे हंडा हातात आल्यावर द्यायचे होते.

ठरल्या दिवशी सुईणीला पाटावर बसवलं. टपालवाला पार्सल घेऊन आला आणि त्याने एकवीसशे अठ्ठावीस मागितले. बाईने नोटा दोनदा मोजल्या. एकोणीसशेच होत्या, आणि वरचे दोनशे अठ्ठावीस ऐनवेळी कुणाच्या कनवटीला नव्हते. टपालवाल्याचा नाइलाज झाला, तो पार्सल घेऊन परत गेला. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण तर सर्वांदेखत म्हणाली, "द्वारके, खिचडीत पाणी वाढवतेस ते चालतंय. आता वर्गणीलाही हात मारलास होय?"

परत आलेला हंडा पाहून तांबट वैतागला. तेवढ्यात फोन वाजला. खिचडीवाली बाई बोलत होती. ती भांडली नाही. झालं ते तिने सांगितलं आणि म्हणाली, "तांबटदादा, हंडा आता नको. आमच्या बायांना तुम्ही एवढंच सांगा, की मी पैसे खाल्ले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तांबट हंडा घेऊन एसटीत बसला. वाटेत त्याने उत्तर जुळवून ठेवलं. लिहिलेलं होतं, वाचायला हवं होतं. यात खोटं काहीच नव्हतं.

समाजमंदिरात बाया जमल्या. तांबटाने मोबाइल काढला, पण 'कर वेगळा' हे शब्द त्याचे त्यालाच सापडेनात. त्याने चष्मा लावला. मोबाइल लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. बाया त्याच्याकडे बघत होत्या. अखेर शब्द सापडले, पण तोवर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. जुळवलेलं उत्तर सोडून त्याने मोबाइल खाली ठेवला.

"हिने तुम्हाला सांगितला तो आकडा मीच लिहिला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खरा आकडा मी दडवला. कुणी वाचू नये म्हणूनच ती अक्षरं बारीक केली."

टोमणा मारणारी बाई पदराचं टोक पिळू लागली. तांबटाने एकोणीसशेच घेतले, कर स्वतःच्या खिशातून सोसला आणि हंडा सुईणीपुढे ठेवला. तिने टिचकी मारली. नाद खणखणीत निघाला, पण तांबटाला तो ऐकवेना.

निघताना तो खिचडीवाल्या बाईला म्हणाला, की पुढे कधी काही लागलं तर कळवा, मी स्वतः आणून देईन.

"कळवील कुणीतरी," ती म्हणाली. "मी आता वर्गणी गोळा करत नाही, दादा."

घरी येऊन तांबटाने ठळक अक्षरांत एकच आकडा लिहिला, करासकट. मागण्या कमी झाल्या. त्याबद्दल तो कुरकुरला नाही. पण हंड्यावर झाकण बसवताना त्या बाईचं शेवटचं वाक्य त्याला आठवतं, आणि त्याची मान खाली जाते.

तात्पर्य: गिऱ्हाइकाला शेवटी जो आकडा मोजायचा आहे, तोच आधी सांगावा. दडवलेले पैसे भरून देता येतात, पण त्यापायी दुसऱ्याची गेलेली पत भरून देता येत नाही.