हद्दीवर बुडालेली हाक

डोंगरावरचे, मधले आणि नदीकाठचे अशी तीन जंगले एकमेकांना लागून होती. मधल्या जंगलात एक तरुण वानर राहत असे. त्याचा थोरला भाऊ नदीकाठच्या टोळीत गेला होता. रोज संध्याकाळी त्याची हाक चितळांकडून मोरांकडे, मोरांकडून वानरांकडे अशी येई, "धाकट्या, जेवलास का?" "जेवलो, दादा!" असे उलट ओरडल्याशिवाय धाकट्याला झोप येत नसे. ऐकलेली हाक पुढे द्यायची, कुणाची ते विचारायचे नाही, असा तिन्ही जंगलांचा रिवाज होता.

एकदा डोंगरावरच्या एका टवाळ कोल्ह्याने उगीचच "वाघ आला!" अशी आरोळी ठोकली. पळापळीत धाकटा जांभळीवरून धपकन आपटला. सारे हसले. तो भडकला. "डोंगराची एकही हाक हद्दीत घेऊ नका!"

"एका कोल्ह्यापायी साऱ्या डोंगराचं तोंड बंद करतोस होय रे?" म्हातारा गवा म्हणाला.

"तुमचं कुठे शेपूट मुरगळलंय, आजोबा!"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. हद्दीवर टिटव्या बसल्या. डोंगरावरून हाक आली की त्या कलकलाट करून ती बुडवत. ते पाहून डोंगराने आपल्या टिटव्या बसवल्या आणि नदीकाठानेही. त्या कलकलाटात कोणत्याच बाजूची हाक हद्द ओलांडेना. त्या संध्याकाळी दादाची हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटा उंच सागावर चढून नदीकडे कान लावून बसू लागला. हातातले फळ तसेच राही.

आठव्या दिवशी नदीकाठचा बगळा आला. "डोंगरावरून बिबट्या उतरला," तो खाली मान घालून म्हणाला. "तिथल्या चितळांनी घसा फुटेस्तोवर हाका दिल्या. तुमच्या टिटव्यांनी त्या बुडवल्या. आम्हाला काही कळलंच नाही. तुझा दादा पाणी पीत होता, बाळा."

धाकटा तिन्ही जंगलांतून ऊर फुटेपर्यंत धावला. ज्याच्या त्याच्या पाया पडून त्याने सगळ्यांना एकत्र बसवले. भांडणे झाली, एकमेकांची उणीदुणी निघाली. शेवटी ठरले : खोटी हाक देणाऱ्याला त्याच्याच जंगलाने आवरावे, पण हाकेची वाट कोणत्याही जंगलाने एकट्याने बंद करू नये. काही बदलायचे तर तिघांनी मिळून.

टिटव्या उठल्या. संध्याकाळी नदीकडून हाक आली. धाकट्याने कान टवकारले. आवाज दादाचा नव्हता. एक हरिणी डोंगरावर गेलेल्या पाडसाला विचारत होती, "बाळा, पोचलास का?" धाकट्याने डोंगराकडे तोंड केले आणि पूर्ण ताकदीने ओरडला, "बाळा, पोचलास का?"

तात्पर्य : सर्वांच्या वाटेवर एकट्याने कुंपण घालू नये, त्याच वाटेने आपलेही कुणीतरी येत असते.