कुंदवळच्या पाठमोऱ्या बैठका

या, या. चपला त्या आंब्याखाली काढा. जांभा तापलाय, पाय पोळतील, पण हा मांड, देवाच्या कामाला गावाने जमायची जागा, इथे चपला चालत नाहीत, त्याला इलाज नाही. हं, इथे सावलीत बसा. आता तुम्ही काय विचारणार ते मला ठाऊक आहे. तो वरचा चौथरा राजाचा, मग त्याच्या पुढ्यातल्या ह्या दगडी बैठका त्याच्याकडे पाठ करून का? गवंडी चुकला काय? एका मास्तरांनी तर मलाच समजावलं होतं, की सकाळचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून तशा बांधल्या असतील. म्हटलं, मास्तर, तुमचं सांगून झालं असेल तर आता माझं ऐका.

कुंदवळला तेव्हा राजेसाहेबांचं राज्य होतं. राज्य म्हणजे दोन खाड्यांच्या मधला एवढासा मुलूख, पण हुकूम असा की दर्यानेसुद्धा ऐकावा. राजेसाहेब बोलतील तो कायदा. सांगतात की एकदा ते कुठल्याशा गोऱ्या साहेबाला भेटायला गेले होते. साहेबाने सहज विचारलं, तुमच्याकडे कायदे करताना सल्ला कोण देतं? चारचौघांत राजेसाहेबांची मान खाली गेली. घरी परतले ते ठरवूनच, की आपल्याकडेही सल्लागार मंडळ पाहिजे.

मंडळ नेमलं. कोणाला विचारून नाही, स्वतःच नेमलं. ज्यांच्या तोंडून जन्मात कधी 'नाही' निघालं नव्हतं, अशी माणसं गावागावातून वेचून काढली. त्यांना लाल पागोटी दिली आणि ह्या बैठका घडवून दिल्या. तेव्हा त्यांची तोंडं चौथऱ्याकडे होती. मागे अंगणात लोकांनी बसायचं, पण फक्त बघायचं. कोणी तोंड उघडलं तर शिपाई होतेच. आणि त्याच्याही मागे, हे समोर दिसतं ते रवळनाथाचं देऊळ. म्हणजे बघा, मंडळाची पाठ लोकांकडे आणि देवाकडेही. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तरी बोलतो कोण.

आता राजेसाहेबांची चूक ऐका. माणूस हुकमी होता, पण भाविक होता. जत्रेला ते देवळात यायचे तेव्हा गाऱ्हाणं ऐकायचे. तुम्ही घाटावरची माणसं, तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे गुरव देवापुढे गावाचं म्हणणं मांडतो, एकेक वाक्य करून, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' हा होकार मिळाला की ते वाक्य देवापर्यंत पोचलं. राजेसाहेबांना हे फार आवडलं. मतं विचारत बसण्यापेक्षा हे बरं, नाही का? त्यांनी फर्मान काढलं, मंडळात कायदासुद्धा गाऱ्हाण्यासारखाच मांडायचा आणि सभासदांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मांडायला गुरवालाच मंडळात घेतलं. पण गाऱ्हाण्याचे नियम असतात ना. एकदा सुरू झालं की संपेपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही, सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, ज्या वाक्याला गाव गप्प राहतो ते गळून पडतं, पण गावाने उचललेल्या वाक्याला एकाचाही होकार राहिला तरी गाऱ्हाणं संपत नाही. राजासुद्धा त्यातून सुटत नाही. हे त्यांनी तसंच राहू दिलं.

त्या गुरवाचं नाव लवू. अगदी मऊ माणूस. वर्षानुवर्षं तो चौथऱ्याकडे तोंड करून कायदे मांडत राहिला आणि मंडळ 'व्हय म्हाराजा' करत राहिलं. नारळावर पट्टी, व्हय म्हाराजा. राजवाड्याच्या कामाला प्रत्येक घरातला एक गडी फुकट, व्हय म्हाराजा. एका होडीवाल्याने बाजारात कुरकूर केली, तर त्याला बायकापोरांसकट खाडीपलीकडे हाकलून दिला. भांडीसुद्धा नेऊ दिली नाहीत म्हणे.

मग पाटाची गोष्ट निघाली. तुम्ही येताना ओलांडलात ना तो पाट? डोंगरातलं पाणी तो खाली आणतो, म्हणून पावसाळा सरल्यावरही आमच्याकडे वायंगणी भात होतं. राजेसाहेबांनी पलीकडच्या अंगाला पोफळीची नवी बाग लावली होती आणि सगळा पाट तिकडे वळवायचा कायदा आणला. पाट गेला की शेत गेलं, विहिरी गेल्या. गाव उठणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लवूची स्वतःची जमीनही पाटाच्या शेवटालाच.

सभेच्या आदल्या दिवशी त्याची बायको भागी त्याचं पागोटं वाळत घालत होती. तिने एवढंच विचारलं म्हणे, "तुमका सल्लागार केल्यानी, मगे तुमी सल्लो कधी दिलास?"

लवू म्हणाला, "सल्लो मागता कोण? थंय फक्त व्हय म्हणूचा आसता."

"मगे व्हय तरी कोणाक म्हणतास ता बघा," भागी म्हणाली आणि आत गेली. लवू जेवला नाही. नाही म्हणावं तर होडीवाल्याची गत, आणि व्हय म्हणावं तर आपल्याच तोंडाने गाव बुडवायचा. माणूस नुसता कढत राहिला.

दुसऱ्या दिवशी मांड माणसांनी भरला. राजेसाहेब चौथऱ्यावर आले. कारभाऱ्याने कायदा वाचला. लवू उठला, हात जोडले, आणि वळला. राजाकडे पाठ केली. त्या काळात राजासमोरून निघताना माणसं उलट्या पावलांनी जायची, पाठ दिसली तर चाबूक. पण लवूने देवळाकडे तोंड केलं आणि हाक घातली, "बा देवा म्हाराजा!" झालं, गाऱ्हाणं सुरू झालं. आता त्याला हात कोण लावणार? मंडळातले बाकीचे एकमेकांकडे बघत उठले आणि देवाकडे वळले. शिपायांनीही हात जोडले. राजेसाहेबांना उभं राहावं लागलं, आणि समोर बघतात तर सगळ्या पाठीच पाठी.

"आज ह्या मांडावर तुझी लेकरां जमली आसत."

लोकांना तोंड उघडायची बंदी होती ना. पण मग मागून एका बाईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." ती भागी होती असं सांगतात, आणि मी ते मानतो. देवाला होकार द्यायला राजाची परवानगी कशाला? पुढच्याच क्षणी सगळा मांड म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मग लवूने कायदा मांडला, गाऱ्हाण्याच्या बोलीत, पण अर्थ जसा वाचला होता तसाच, कमी नाही की जास्त नाही. "राजेसायबांच्या मनात पाटाचा पाणी आपल्या बागेक न्हेवचा आसा. ता तू कबूल करून घे."

आणि मांड गप्प झाला. पोरं गप्प, म्हातारी माणसं गप्प, मंडळही गप्प. गाऱ्हाण्याला होकार आला नाही असं कुंदवळमध्ये कधी झालं नव्हतं. लवू थांबला, भरपूर थांबला. कोणी म्हणायला नको की वेळ दिला नाही. राजेसाहेब एकटेच काही म्हणाले असते, पण एकट्याच्या होकाराने वाक्य पोचत नाही. ते वाक्य तिथेच पडलं.

मग त्याने दुसरं घातलं. आवाज चढला होता त्याचा. "बा म्हाराजा, ह्यो पाट आमच्या वाडवडलांनी खणल्यानी. तेचा पाणी ह्या गावाच्या शेतात रवांदे. आनी जो कोण ह्या पाटाच्या आड येयत, तेका तू बगून घे."

"व्हय म्हाराजा!" काय तो आवाज असेल, विचार करा. माडांवरचे कावळे उडाले आणि खाडीतल्या होड्यांवर माणसं उभी राहिली, असं आमची आजी सांगायची. मंडळही ओरडलं. त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मनापासून निघालेला होकार तो.

पण गाऱ्हाणं संपलं नव्हतं. एक होकार राहिला होता. लवू हात जोडून तसाच उभा, गावही तसाच उभा. ऊन माथ्यावर आलं. राजेसाहेबांनी कारभाऱ्याकडे पाहिलं, तर कारभारी डोळे मिटून देवाकडे तोंड करून उभा. शेवटी घाम पुसत, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं राजेसाहेब म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग मांडावर जो ढोल वाजला तो तीन गावांत ऐकू गेला. बायका हसत होत्या, रडत होत्या. लवूला कोणी खांद्यावर घेतलं, तर तो म्हणतो, अरे पागोटं पडतंय, मला खाली ठेवा. राजेसाहेब देवाच्या दारात दिलेला शब्द मोडू शकले नाहीत. पोफळीची बाग त्या उन्हाळ्यात वाळली. त्यानंतर मंडळ भरलं ते देवाकडे आणि लोकांकडे तोंड करूनच. काही जण सांगतात, त्या रात्री ह्या बैठका आपोआप फिरल्या. माझे आजोबा म्हणायचे, पहारी घेऊन गावानेच फिरवल्या, आणि सगळ्यांच्या हाताला घट्टे पडले होते. तुम्हाला हवं ते माना.

आजही आमची ग्रामसभा ह्याच मांडावर भरते. ठराव वाचायचा, थांबायचं, आणि लोकांनी 'व्हय' म्हटलं तरच तो पुढे न्यायचा. गेल्या वर्षी एक साहेब नव्या रस्त्याचा ठराव घेऊन आले होते. रस्ता पाटावरून जाणार होता. त्यांनी वाचून दाखवला. सगळे गप्प बसले. साहेब खूश झाले, म्हणाले, कोणाची हरकत दिसत नाही, मग मंजूर समजू या. आमच्या सरपंच, गुरवाच्याच घरातली सून, उठल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "सायबानू, ह्या मांडावर गप्प म्हणजे नाय." साहेबांनी कागद गुंडाळला. रस्ता आता वळसा घालून जातो.